प्रोग्रॅमिंगच्या ग्रुपातले त्रासदायक सभासद : समजवायचं कधी, थांबवायचं कधी, काढायचं कधी?

कृष्णाकाठ

मंडळी, नमस्कार.

सांगली-मिरज-कुपवाडपासून कराड-साताऱ्यापर्यंतच्या प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांचा एक टेलिग्राम ग्रुप आहे, जोडीला गिटहबवर (कोड ठेवायची आणि मिळून लिहायची साइट) काही सामायिक प्रकल्प. वालचंदची आणि कराडच्या शासकीय अभियांत्रिकीची मुलं-मुली आहेत, बीसीए-बीसीएसवाले आहेत, पुण्या-बंगळुरात नोकरी करणारे आपल्याकडचे लोकही आहेत. सभासद हजाराच्या आसपास, ॲडमिन चार.

अडचणी साधारण अशा: "अर्जंट आहे, कुणीतरी करून द्या" म्हणत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा टाकणारे, नवख्याला "एवढंही येत नाही तर या लाइनीत आलास कशाला" म्हणणारे, जावा की पायथन यावरून मध्यरात्री हमरीतुमरीवर येणारे, कोर्सच्या आणि "फी भरा, नोकरी घ्या"च्या लिंका टाकणारे, चॅटजीपीटीचं उत्तर न तपासता चिकटवणारे.

ॲडमिनांत एकमत नाही. एकाचं म्हणणं, काढून टाका आणि मोकळे व्हा. दुसऱ्याचं म्हणणं, माणसं आपल्याच गावची, उद्या कुणाच्या लग्नात नाहीतर विश्रामबागेत समोर येणार, तोंड कसं दाखवायचं? ज्यांना यातलं कळतं त्यांनी नेमकं सांगावं: कुठल्या पायरीला काय करायचं आणि टेलिग्राम-गिटहबवर कुठली सोय वापरायची.

मिरजकर

"हा माणूस वाईट आहे का?" हा प्रश्न ॲडमिनांनी चर्चेला घ्यायचाच नाही. त्याचं उत्तर मिळत नाही आणि चौघांत मात्र वितुष्ट येतं. विचारायचं एवढंच, की याच्या लिहिण्यानं बाकीच्यांचा वेळ किती जातोय आणि कोण बोलायचं बंद झालंय? दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. भांडणारे दिसतात, कंटाळून गप्प झालेले दिसत नाहीत. नियमानं उत्तरं देणारी पाच-सहा नावं घ्या आणि गेल्या महिन्यात त्यांनी काय लिहिलं ते शोधून बघा. ती गळाली असतील तर उशीर झालेलाच आहे.

तुमच्या यादीतल्या पहिल्या प्रकारातले बहुतेक त्रासदायक नसतात, नवखे असतात. पहिल्या वर्षाचा मुलगा फोननं लॅपटॉपच्या पडद्याचा तिरका फोटो काढतो आणि खाली लिहितो, "कोड चालत नाही." प्रश्न कसा विचारायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. पिन केलेल्या मेसेजात नंबर घालून मागा: १. एररचा पूर्ण मजकूर, कॉपी केलेला, फोटो नव्हे. २. भाषेची आणि लायब्ररीची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम. ३. ज्यात चूक पुन्हा दिसते असा लहानात लहान कोड, जमल्यास ३० ओळींच्या आत. ४. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. ५. मुळात करायचंय काय.

हे पाचवं विसरू नका. बरेच जण ताकाला जाऊन भांडं लपवतात. विचारतात, "स्ट्रिंगची शेवटची तीन अक्षरं कशी काढू?" हवं असतं फाइलचं एक्स्टेंशन, आणि ते 'जेपीईजी' असलं की सगळ्यांनी मिळून दिलेलं उत्तर फुकट जातं.

अर्धवट प्रश्नाला सगळ्यांनी एकच ठरलेलं उत्तर द्यायचं: "पिनमधले १, २, ३ टाका, मग बघतो." टोमणा नको, प्रवचन नको. आणि तेवढी माहिती येईपर्यंत कुणीही अंदाजानं सोडवायला बसायचं नाही. एखादा दयाळू सभासद घाईत कोड लिहून देतो, आणि विचारणाऱ्याला कळतं की काही न देताही काम होतं. पुढच्या वेळी तो तसाच येतो. असं तीनदा सांगूनही तोच प्रश्न येत राहिला, वर खासगीत चार जणांना पाठवला गेला, की मग तो नवखा राहत नाही. त्याचं लिहिणं २४ तास बंद करायला हरकत नाही.

औंधकर

टेलिग्रामपुरतं लिहितो.

स्लो मोड, म्हणजे एकाच माणसाच्या दोन मेसेजांत सक्तीचं अंतर, एरवी बंद ठेवा. वाद पेटला की लगेच ५ मिनिटांवर न्या, शांत झालं की ३० सेकंदांवर आणा, सकाळी काढून टाका. पाच मिनिटांत माणूस पाणी पिऊन येतो आणि लिहिलेलं निम्मं खोडतो. एक लक्षात ठेवा, ॲडमिनांना स्लो मोड लागू होत नाही. त्यामुळं त्या काळात ॲडमिननं वादाच्या विषयावर अक्षरही लिहायचं नाही, नाहीतर दुसऱ्याचं तोंड बांधून आपण बोलतोय असं दिसतं.

परवानग्यांमधली लिंकांची सोय बंद केली की लिंका थांबतात असा समज आहे. त्यानं फक्त लिंकचा प्रिव्ह्यू थांबतो, लिंक मजकुरात जातेच. नव्या सभासदांच्या लिंका अडवायला बॉट (आपोआप काम करणारं खातं) लागतो. तो लिहिताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. बॉट नुसता सभासद असेल तर मूळ सेटिंगमध्ये त्याला फक्त स्लॅशच्या आज्ञा आणि त्याला दिलेले रिप्लाय दिसतात, सभासदांचं बाकीचं बोलणं दिसत नाही. ॲडमिन केला की सगळं दिसतं. दुसरं, सभासदाचं लिहिणं ठरावीक काळ बंद करताना 'अन्टिल डेट'मध्ये शेवटची तारीख-वेळ युनिक्स सेकंदांत (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या) द्यायची असते, कालावधी नव्हे. २४ तास म्हणून नुसते ८६४०० पाठवले तर ती वेळ १९७० सालातली ठरते. टेलिग्रामचा नियम असा, की आत्तापासून ३० सेकंदांपेक्षा कमी किंवा ३६६ दिवसांपेक्षा जास्त वेळ दिली की बंदी कायमची समजायची. एका दिवसाची शिक्षा जन्मठेप होते आणि कुणाला कळतही नाही.

ॲडमिनांनी काय केलं याची नोंद 'रीसेंट ॲक्शन्स'मध्ये फक्त ४८ तास राहते. हटवलेला मेसेज तिथंच बघायला मिळतो. म्हणून हटवल्या हटवल्या स्क्रीनशॉट, तारीख आणि कारण ॲडमिनांच्या वेगळ्या चॅटमध्ये टाका. दोन दिवसांनी तो माणूस "मी असं लिहिलंच नव्हतं" म्हणाला तर हातात काहीतरी पाहिजे.

स्पॅमवाल्याला काढताना त्याचे सगळे मेसेज हटवायचा पर्याय येतो, तिथं खुशाल खूण करा. भांडणामुळं काढलेल्या जाणत्या माणसाच्या बाबतीत मात्र करू नका. त्यानं वर्षभर दिलेली उत्तरं जातात, आणि खालचे "धन्यवाद सर" तेवढे लोंबकळत राहतात.

प्रवेशाची लिंक ॲडमिनच्या मंजुरीची ठेवा. पैसे मागणाऱ्या नोकरीच्या पोस्टला इशारा-बिशारा काही नाही, दिसली की पोस्टही हटवायची आणि खातंही. आपल्याकडच्या मुलांच्या आईबापांचे पैसे त्यात जातात, तिथं दाक्षिण्य दाखवायचं कारण नाही.

वाईचा_डीबगर

स्पॅमर सोपा हो. खरा कस लागतो तो ज्याला खरंच येतं अशा माणसाशी. पोस्टग्रेस या डेटाबेसचा क्वेरी प्लॅन (माहिती कशी शोधणार याचा आराखडा) ग्रुपात तोच वाचू शकतो, आणि "डोकं घरी ठेवून आलास का" हेही तोच लिहितो. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणून सगळे सोसतात. पण हिशोब चुकीचा मांडला जातो. त्याची उत्तरं मोजली जातात, आणि त्याच्या धाकानं न विचारलेले प्रश्न, न दिलेली उत्तरं मोजली जात नाहीत.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये त्यांनी 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट' नावाचं छोटं टिपण लावलं होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये ते काढून काँट्रिब्यूटर कव्हेनंट या तयार नमुन्यावर आधारलेली आचारसंहिता घेतली. त्याच वेळी खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या जहाल ईमेलांबद्दल माफी मागितली आणि काही आठवडे बाजूला झाले. तरी ४.१९ ही आवृत्ती ऑक्टोबरमध्ये त्यांचे सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी बाहेर काढली. तिथं जर काम अडलं नाही, तर आपल्या ग्रुपात एका माणसावाचून अडेल ही भीती सोडून द्या.

खासगीत काय लिहायचं? चार गोष्टी: कुठलं वाक्य, त्यानं काय झालं, आता काय करायचं, पुन्हा झालं तर काय होईल. उदाहरणार्थ: "काल रात्री जॉइनच्या प्रश्नावर तुम्ही 'डोकं घरी ठेवलंस का' असं लिहिलंत. उत्तर बरोबर होतं, पण विचारणाऱ्यानं प्रश्नच हटवला. उत्तर राहू द्या, तेवढं वाक्य काढा. पुन्हा असं झालं तर मेसेज हटवून एक दिवस लिहिणं बंद ठेवू." एवढंच. "तुमचा स्वभावच असा आहे" नको, स्वभावावर माणूस रात्रभर भांडेल. आणि "लोकांच्या तक्रारी आल्यात" तर मुळीच नको. तो लगेच "कोण लोक?" विचारतो आणि तक्रार करणाऱ्याला शोधत सुटतो. वाक्य तुम्ही स्वतः वाचलंय, स्वतःच्या नावावर सांगा.

कोयनाकाठ

@वाईचा_डीबगर, खासगीत सांगणं बरोबर, पण तेवढ्यावर थांबायला माझा विरोध आहे. अपमान चारचौघांत झाला आणि समज मात्र बंद दाराआड दिली, तर पहिल्या वर्षाच्या मुलीला काय दिसतं? ॲडमिनांनी कानाडोळा केला, एवढंच. ग्रुपात एक ओळ लिहायलाच हवी: "प्रश्न योग्य आहे, उत्तर खाली. अशी भाषा इथं चालत नाही." त्यावर चर्चा नाही, कुणी सुरू केली तर "ॲडमिनांना खासगीत लिहा." सविस्तर समज खासगीतच.

दुसरं, वर कुणीच न लिहिलेला प्रकार. मुलीनं ग्रुपात प्रश्न विचारला की अर्ध्या तासात खासगीत "हाय, मी शिकवतो, नंबर दे" असे मेसेज येतात. मग ती विचारायचंच बंद करते, किंवा मुलाच्या नावानं खातं काढते. ग्रुपात वरवर सगळं शांत असतं म्हणून ॲडमिनांना पत्ता नसतो. उपाय सांगते.

नियमात स्पष्ट लिहा, की विचारल्याशिवाय खासगी मेसेज करायचा नाही, आणि ग्रुपमुळं ओळख झालेल्याला खासगीत दिलेला त्रास हा ग्रुपातलाच त्रास धरला जाईल. हे आधी लिहिलेलं नसेल तर तो "बाहेरची गोष्ट आहे" म्हणून सुटतो. टेलिग्रामवर मोठ्या ग्रुपात सभासदांची यादी लपवायची सोय आहे, ती चालू करा. यानं नुसती यादी चाळून मेसेज टाकणारे थांबतात. ग्रुपात लिहिलेल्याचं नाव दिसतंच, त्याला इलाज नाही. फोन नंबर 'कुणालाही नाही' वर ठेवायला नव्या सभासदाला स्वागताच्या मेसेजातच सांगा. व्हॉट्सॲपवर साध्या ग्रुपात नंबर सगळ्यांना दिसतो, मुलींचा ग्रुप तिकडं हलवताना हे ध्यानात ठेवा.

तक्रार घ्यायला चारपैकी निदान एक ॲडमिन बाई असावी. स्क्रीनशॉट मागा, पण त्यातला मजकूर तिच्या परवानगीशिवाय बाकीच्या ॲडमिनांनाही दाखवू नका. तिला आणि त्याला "समोरासमोर बसवून मिटवू" हा गावकीतला प्रकार इथं करायचा नाही. नको सांगूनही कुणी वारंवार संपर्क करत राहिला तर ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागात येतं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांसंबंधीच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे. तिला हे सांगायचं, सोबत करायची, निर्णय तिचा.

वाईचा_डीबगर

@कोयनाकाठ, ताई, एका ओळीचा मुद्दा पटला. खासगी आणि जाहीर, दोन्ही.

शून्य_पॉइंटर

गिटहबचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

हॅक्टोबरफेस्ट हा ऑक्टोबरात मुक्त प्रकल्पांना हातभार लावायचा उपक्रम. २०२० मध्ये त्यात ४ पुल रिक्वेस्टना ("माझा बदल घ्या" अशा विनंत्यांना) टी-शर्ट होता. रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत) एखादा शब्द घालून पुल रिक्वेस्ट कशी टाकायची याचा व्हिडिओ फिरला आणि जगभरच्या मेंटेनरांकडं (प्रकल्प सांभाळणाऱ्यांकडं) कचऱ्याचा पूर आला. त्यात आपल्याकडची मुलं बरीच होती. आयोजकांना पहिल्याच दोन-तीन दिवसांत नियम बदलून, ज्या प्रकल्पानं स्वतःहून 'हॅक्टोबरफेस्ट' हा टॉपिक लावलाय तेवढेच धरायचे, असं करावं लागलं. तेव्हा सामायिक प्रकल्पात आधीच लिहा: इश्यू (नोंदवलेली चूक किंवा काम) नेमून दिल्याशिवाय पुल रिक्वेस्ट नाही, रीडमीत नाव घालण्याची स्वीकारली जाणार नाही.

पूर आलाच तर सेटिंगमध्ये 'इंटरॅक्शन लिमिट्स' आहे. नवीन खाती, पूर्वी योगदान न दिलेले, किंवा कोलॅबोरेटर (प्रकल्पात हक्क दिलेले) सोडून सगळे, यांना अडवायचे असे तीन स्तर; मुदत २४ तासांपासून ६ महिन्यांपर्यंत. एकाच इश्यूवर भांडण असेल तर 'लॉक कन्व्हर्सेशन' पुरतं. लॉक केल्यावरही राइट ॲक्सेस (बदल करायचा हक्क) असलेले लिहू शकतात, म्हणून लॉक करून वर आपलं शेवटचं उत्तर ठोकू नका. आधी लिहा, मग लॉक करा. एखादी कमेंट वाईट असेल तर हटवण्याआधी 'हाइड' करा. कारणासकट ती झाकली जाते आणि हवी तर उघडून वाचता येते.

एका त्रासाकडं मात्र कायम सावधपणे बघा: "मेंटेनर झोपलाय का, दुसऱ्याला द्या प्रकल्प" असा लकडा. एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या मेलिंग लिस्टवर २०२२ मध्ये काही खात्यांनी एकट्यानं काम ओढणाऱ्या मेंटेनरवर हाच दबाव आणला. त्यातून ज्याला हक्क मिळाले त्याच्या हातून ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये बॅकडोर (चोरवाट) गेला. २९ मार्च २०२४ ला तो उघड झाला, कारण आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच (दुरून संगणकात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं. थकलेल्या माणसाला घालून पाडून बोलणारे सगळेच नुसते अधीर नसतात. अशा वेळी ग्रुपनं मेंटेनरच्या बाजूनं उभं राहायचं, आणि कमिटचे (कोडमध्ये थेट बदल करायचे) हक्क घाईनं कुणालाच द्यायचे नाहीत.

तासगावकर

एआयच्या उत्तरांबद्दल. "हे एआयचं आहे" असं ओळखून दाखवायच्या भानगडीत पडू नका. नीट मुद्देसूद लिहिणाऱ्या मुलावर नाहक आळ येतो. नियम एवढाच: जे टाकाल ते स्वतः चालवून बघितलेलं असावं, आणि विचारल्यावर आवृत्ती व आउटपुट देता आलं पाहिजे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटनं डिसेंबर २०२२ मध्ये अशा उत्तरांवर बंदी घातली तेव्हा मूळ अडचण हीच सांगितली होती: उत्तर दिसायला बरोबर, असतं चूक, आणि टाकायला मात्र काही कष्ट नाहीत. तपासणाऱ्याचे कष्ट तेवढेच राहतात.

पॅकेजच्या (इतरांनी लिहून ठेवलेल्या आयत्या कोडच्या) नावांवर विशेष लक्ष ठेवा. मॉडेल अस्तित्वात नसलेलं नाव छातीठोकपणे देतं, आणि त्याच नावाचं घातक पॅकेज कुणीही पायपीआयवर किंवा एनपीएमवर (पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारांवर) चढवू शकतो. "पिप इन्स्टॉल अमुक" असं उत्तर आलं की पॅकेजचं पान उघडून बघितल्याशिवाय कुणी चालवायचं नाही, हे नवख्यांना सांगा.

सातारारोड

काढून टाकण्याबद्दल. पायऱ्या ठरलेल्या असाव्यात: खासगी समज, २४ तास, ७ दिवस, मग बाहेर. स्पॅम, धमकी, लैंगिक त्रास, कुणाचा पत्ता-नंबर उघड करणं आणि जातीवरून शिवी यांना पायऱ्या नाहीत, थेट बाहेर. बाहेर काढायचा निर्णय दोघा ॲडमिनांचा, आणि ज्याच्याशी भांडण झालं तो ॲडमिन त्यात नको. तात्पुरती बंदी एकट्यानं घालता यावी, कारण रात्री दुसरा झोपलेला असतो.

कारण लिहून द्यायचं, नेमक्या मेसेजसह. ऑगस्ट २०२४ मध्ये पायथनच्या एका जुन्या, मातब्बर कोअर डेव्हलपरला ३ महिने निलंबित केलं गेलं. कारणांची यादी जाहीर झाली, पण कुठली पोस्ट कुठल्या कारणाखाली हे लोकांना कळेना, आणि पुढची सगळी चर्चा त्याच्या वागण्याऐवजी निर्णयाच्या पद्धतीवर गेली. ॲडमिनांनाही कुणीतरी जाब विचारणारं हवं. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अख्ख्या मॉडरेशन टीमनं राजीनामा दिला, कारण कोअर टीम कुणालाच उत्तरदायी नाही अशी त्यांची तक्रार होती. तुमच्याकडं चार ॲडमिनांविरुद्ध तक्रार कुठं करायची, हे लिहिलंय का? ॲडमिन नसलेला एखादा ज्येष्ठ सभासद त्यासाठी नेमा.

नव्या नावानं परत येणारे लपत नाहीत. लिहिण्याची ढब, वेळ आणि जुनं वैर यावरून ओळखू येतात. टेलिग्रामची बंदी खात्यावर असते, नाव बदलून फरक पडत नाही, नवा नंबर घेतला तर पडतो. पण परत येऊन माणूस नीट वागत असेल तर मी तरी उकरून काढणार नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्यात. सभासदानं भलतंच काही टाकलं तर ॲडमिन गुन्हेगार होतो का? आमच्यातला एकजण याच भीतीनं पद सोडायला निघालाय. आणि ओळखीच्या माणसाचं काय?

कोयनाकाठ

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये व्हॉट्सॲप ग्रुपच्या बाबतीत सांगितलंय, की समान हेतू किंवा आधी ठरवून केलेलं संगनमत असल्याशिवाय सभासदाच्या पोस्टसाठी ॲडमिन दोषी धरता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये तसंच म्हटलंय. तरी आक्षेपार्ह पोस्ट लक्षात आल्यावर ठेवू नका, आणि स्क्रीनशॉट-तारीख जपून ठेवा. भीतीनं पद सोडायची गरज नाही.

वाईचा_डीबगर

ओळखीच्याला आधी फोन करा, लेखी नंतर. फोन दिवसा, रात्रीच्या भांडणानंतर लगेच नको. ज्याचं त्याच्याशी बरं आहे त्यानं करावा, पण पायरी तीच सांगावी जी परक्याला सांगितली असती. "आपल्यातला आहेस म्हणून सोडतो" असं एकदा झालं की इस्लामपूरचा म्हणतो सांगलीवाल्यांना वेगळा न्याय, आणि त्याचं खरंच असतं. लग्नात भेटल्यावर ग्रुपचा विषय आपण काढायचा नाही. त्यानं काढला तर "ग्रुपचं ग्रुपात बोलू" म्हणायचं आणि जेवायला बसायचं.

कृष्णाकाठ

कच्चा मसुदा टाकतोय, दुरुस्त्या सांगा.

"१. सभ्यपणे वागा. २. प्रश्न पिनमधल्या नमुन्याप्रमाणे. ३. परवानगीशिवाय खासगी मेसेज नाही. ४. पैसे मागणाऱ्या पोस्ट थेट बाहेर. ५. उत्तर चालवून बघून टाका. ६. ॲडमिनांचा निर्णय अंतिम."

मिरजकर

पहिला आणि सहावा बदला. "सभ्यपणे वागा" याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा, शिवी देणाराही स्वतःला सभ्यच समजतो. तिथं लिहा: "कोडवर बोला, माणसावर नको. ज्ञान, कॉलेज, गाव, जात, लिंग यावरून टोमणा मारलेला मेसेज हटवला जाईल." सहाव्यात "अंतिम" खोडा आणि लिहा: "निर्णयावर आक्षेप ७ दिवसांत अमुक सभासदाकडं लेखी द्यावा, तोवर निर्णय लागू राहील." त्या अमुकच्या जागी खरं नाव घातल्याशिवाय मसुदा पिन करू नका.